चेलो तापवला त्याची गोष्ट

लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण हे माझ्याशिवाय कोण लिहिणार?

सरांच्या बंगल्याचं फाटक. आबा, माझे वडील, बाहेर उभे. चपला हातात. मी आत, सरांच्या संगीत क्लासच्या मुलांत. मधे जमिनीवर चेलो, त्याची पाठ कडेनं उघडलेली.

"काय रे, हलगी वाटली काय तुला?" सर आबांना म्हणाले. "चामडं भाजायची सवय तुमची. जाणार कुठं?"

मुलं हसली.

मीही हसलो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला घालून गेले.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. गुडघ्यांत धरून गजानं वाजवतात. आई सरांकडे भांडी घासायची. क्लासमधला चेलो कुणी घेत नव्हतं, म्हणून मला मिळाला. त्या पावसाळ्यात कार्यक्रमाच्या सरावासाठी घरी आणला, तर आवाज बसलेला. आबा हलगी वाजवतात. हलगी ढिली पडली की जाळावर तापवतात, कातडं ताणतं, आवाज चढतो. त्यांनी चेलोला बोटानं टिचकी मारली.

"सादळलाय ह्यो. जरा तापवू की."

उसाचं पाचट पेटवलं. लेकरू शेकावं तसं लांबून धरलं. थोड्या वेळानं टक्कन आवाज झाला.

सरांनी दुरुस्तीला मलाच पाठवलं. बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे चाचा होते. मी रडत होतो.

"रोता कायकू? टुट्या नै, खुल्या है. ये सरेस है बेटा. चमड़ा उबालके बनाते."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी डबा दाखवला. जनावराचं कातडं उकळून केलेला सरस, लाकूड चिकटवायचा, तापला की सुटणारा. सरांच्या चेलोचा जोडन् जोड त्यावर उभा. हे मी सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुसरा चेलो मला कुठं मिळाला असता? आणखी पाच वर्षं मान खाली घालून तिथंच शिकलो. आबांनी त्यानंतर माझ्यासमोर हलगी वाजवली नाही. मी घरी आलो की ती खुंटीला असायची.

कॉलेजात आलो. सुट्टीत चाचांकडे काम करून एक मोडका चेलो मिळवला, जोडला. चौघा पोरांचा हेवी मेटल बँड होता. बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये सराव. गिटार करवतीसारखी, ड्रम छातीवर. माझा चेलो त्यांनी आवाज वाढवायच्या मशीनला जोडला आणि तो गुरगुरला.

"भावा, अजून घाण वाजव!" ड्रमवाला ओरडला.

तिथं मला जात कुणी विचारली नाही. पण सराव संपला की ते गाडीवर बसून निघून जातात. मी खोळीत घातलेला चेलो घेऊन रिक्षा शोधतो. "बायकू हाय का आत? दोन शिटा धरीन," रिक्षावाला म्हणतो. सराव सोडला तर दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोललेलं असतं.

यंदा मुंबईच्या एका संगीत शाळेला अर्ज केला. गुरूंची शिफारस लागत होती. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'हलगीवादक' लिहिलं, अनुभवात मेटल बँड. अर्ज सरांच्या बंगल्यावर नेला. सरांनी वाचलं. पेन बंद केलं.

"इथं शेतमजूर लिही. आणि तो बँड खोड. मग सही करतो."

सोपं होतं. दोन ठिकाणी खोडायचं होतं. फाटकाबाहेर कुणी उभं नव्हतं, तरी मी तिकडे पाहिलं.

"सर, ताल मला आबांच्या हलगीनं शिकवला. ते मी खोडणार नाही."

"मग सही मिळणार नाही."

कागद उचलला. सहीशिवायच पाठवला. दोन महिने वाट पाहिली. त्या शाळेत जाण्याशिवाय दुसरं काही मी मागितलं नव्हतं.

काल निरोप आला. शिफारसपत्र नाही, अर्ज बाद.

आबांना सांगितलं. अर्जात काय लिहिलं होतं, तेही पहिल्यांदाच सांगितलं.

"खोडायचं हुतं की. मला काय फरक पडला असता?"

"मला पडला असता."

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार. त्या रकान्यात तोच शब्द. पुन्हा बाद झाला तर त्याच्या पुढच्या वर्षी. आणि आबांवर कुणी हसलंच, तर हसणाऱ्यांत मी नसेन.