वजनकाट्याजवळची बाई

जळगावात कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात ओळखीच्या पोरांनी रॉक अँड रोलचा महोत्सव भरवला, तेव्हा त्यावर माहितीपट करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. मी लग्नांचा शूटिंगवाला. वीस वर्षं हळदी, वराती आणि आहेर टिपून पार विटलो होतो. एकदा तरी मनासारखं काही करावं, एवढीच हाव होती.

धुळ्याचा एक ड्रमवाला माझा जुना दोस्त. लग्नसराईत तो वरातीच्या बँडमध्ये वाजवायचा आणि त्याच वरातीपुढे मी कॅमेरा घेऊन उलट्या पावली चालायचो. त्या दिवशी ऊन कललं तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं.

"शेवटची सात मिनिटं मी एकटाच वाजवणार. तेवढा वेळ कॅमेरा माझ्यावरून हलवू नको. आईला दाखवायचंय. ती म्हणते, वरातीत वाजवणं काय नि हे काय, एकच. येणार नाही म्हणाली."

मी शब्द दिला. आणि हलवलाच कॅमेरा. जित्याची खोड, दुसरं काय! आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत एखादा मामा सुटला तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून बँड रंगात आला की शूटिंगवाल्याचा हात आपसूक पाहुण्यांकडे वळतो. पहिलं मिनिटभर तो दिसत होता. मग कॉलेजची पोरं, गोळेवाला, भिंतीवर बसलेले हमाल. शेवटी कापसाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्याजवळ, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. हातातल्या पिशवीवर तिची बोटं नेमकी तालात पडत होती. मी तिच्यावरच खिळलो. ड्रम थांबला तेव्हा भानावर आलो.

घरी येऊन पाहिलं आणि स्वतःचीच चीड आली. तो फोन करायचा, "झालं का रे?" मी म्हणायचो, लग्नसराई संपू दे. काम कसलं अडलं होतं! त्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि काहीच न बघता तो गेला. मी धुळ्याला गेलो, पण बायका बसल्या होत्या त्या खोलीकडे मान वर करून बघवलं नाही.

तेव्हापासून तो माझ्या मागे आहे. वरातीत दुसराच कुणी वाजवत असतो आणि मला त्याचा हात ऐकू येतो. भरदुपारी एडिटिंगला बसतो, आवाज बंद असतो, तरी ते सात मिनिटांचं वाजवणं सुरू होतं. मी घाबरतो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

वर्षश्राद्धानंतर एक बाई माझ्या स्टुडिओत आली. म्हणाली, "भाऊ, मी त्यानी माय." मी तिच्याकडे नाही, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि वजनकाट्याजवळची बाई ओळखली.

"लोकेसना मोबाईलमा तुकडाच शेत. तुन्हाजोडे बठ्ठं शे ना?"

सातही मिनिटं होती माझ्याकडे. लावलं. मिनिटभरात तो पडद्यावरून गेला, आवाज तेवढा राहिला.

"मन्हा पोऱ्या कोठे शे?" तिनं विचारलं. इतक्यात वजनकाटा आला. आपल्याच चेहऱ्याकडे ती बघत राहिली. पडद्यावर तिची बोटं हलत होती, मागे त्याचाच ड्रम वाजत होता. तिनं पदर तोंडात धरला. ड्रम थांबेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही.

"त्याले सांगं नही मी," ती म्हणाली. "गुपचूप उनथी, तशीच निंघी गयी." मग माझ्याकडे वळली. "भाऊ, त्यानी हाई देखं का?"

"हो, अक्का," मी म्हणालो. "पाहिलं त्यानं."

तिचा चेहरा उजळला. खुर्ची पुढे ओढून ती माझ्यासमोर नीट बसली.

"मंग? काय बोलना तो?"