पंपावर पेटता राहिलेला फ्रिज

आमच्या घरची देवी कानबाई उठल्या, म्हणजे तिचं विसर्जन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पारोळ्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर माझे थोरले भाऊ आबा जळून गेले. मी वाचलो.

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं... तरी जे झालं ते लिहितो.

आबांनी जुन्या व्हॅनमध्ये झोपायची फळी, ओटा आणि फ्रिज बसवला होता. फ्रिज बॅटरीवर चालायचा, आणि मागे लहानशी ज्योत पेटवली की गॅसवरही. प्रवासात गॅसची ज्योत बंद ठेवा, असं त्याच्या माहितीपत्रकात होतं. ते मी वाचलेलं. पण त्या दिवशी आत कानबाईचे रोट आणि खीर होती. हा प्रसाद आमच्या भाऊबंदांनीच खायचा – उरला तरी बाहेरच्याला देत नाहीत, टाकत तर नाहीतच. धुळ्याचे चुलतभाऊ पाय मोडून घरी पडलेले. त्यांचा वाटा पोचवायला आम्ही दोघंच जळगावहून निघालो होतो, आणि बॅटरीवर फ्रिज नीट गार होत नव्हता, म्हणून तो गॅसवर ठेवला होता.

पंप दिसला तसा मी मागून उठत म्हणालो, "आबा, मी गॅस बंद करस."

"बठ्ठी खीर नासी जाई. बस खाले, मास्तर. गाडी मी चालाडस, तुनं पुस्तक नही."

मी बसलो.

पंपावरच्या माणसानं टाकीत नळी घातली. तेवढ्यात मागून कुणीतरी माझे केस धरले. फ्रिजच्या दारावर तोंड आपटलं, दोन दात तुटले. मग उजवा हात असा पिरगळून ओढला की खांदा निखळल्याचा आवाज मला ऐकू आला. आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. आरशात बघत ते म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे?"

पुढच्या क्षणी मी बाहेर, काँक्रीटवर पडलो होतो – आणि व्हॅनचा भडका उडाला. आबा आतून काचेवर मुठी मारत होते. मग मुठी थांबल्या.

पंपावरचा माणूस हॉस्पिटलात भेटला. त्याचेही हात भाजलेले. म्हणाला, "सर, तुम्ही बाहेर आले कसे? दार तर उघडलंच नाही." पोलिसांनाही दार आतून लॉकच सापडलं.

 

उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. वहिनी विचारतात, "ज्यानं तुम्हाला ओढलं, त्याला हे दिसले नाहीत का?" ज्योत पेटती होती आणि मला ते ठाऊक होतं, एवढं त्यांना सांगायचं राहिलंय.