समताचा पियानो आणि माझ्या आईचं गाणं

समता आणि मी जळगाव जामोदला गुलाबराव सरांकडे एकत्र पेटी शिकलो. ती वरवट बकालची, भाजीपाला पिकवणाऱ्यांची मुलगी, एसटीने यायची. सर मला म्हणायचे, "राखी, छान वाजवते तू." तिचं वाजवणं संपलं की नुसते गप्प बसायचे. ती शांतता मला हवी होती.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली आणि तिथे एका म्हाताऱ्या वादकाकडे तिला पियानो भेटला. जाझ. ठरलेली चाल धरायची आणि वाजवता वाजवता तिथल्या तिथे तिला नवं वळण द्यायचं. तिने बारा वर्षं हॉटेलांत वाजवलं, नाटकांना संगीत दिलं. पेपरात तिचा फोटो आला तेव्हा मी तो पेपर आईच्या हाती पडू दिला नाही.

वडील गेल्यावर ती परत आली आणि जळगाव जामोदलाच क्लास काढला. माझा क्लास दोन गल्ल्या सोडून. महिन्याभरात माझी चार मुलं तिकडे गेली. त्यांच्या पालकांना मी सांगितलं, "तिथं हॉटेलातलं संगीत शिकवतात. परीक्षेले काही कामाचं नाही." दोघांनी आपल्या मुली तिच्याकडून काढून घेतल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी माझी आई, अन्नपूर्णाबाई, अंथरुणाला खिळली. मी क्लासमध्ये असताना समता दुपारी तिच्याजवळ येऊन बसायची. मला तेही खुपायचं. सहा महिन्यांनी आई गेली.

नंतर खामगावला समताचा कार्यक्रम झाला. ती कुठे चुकते ते बघायलाच मी गेले होते. शेवटी ती म्हणाली, "ही चाल अन्नपूर्णाबाईंची," आणि वाजवू लागली. कापूस वेचताना आई गुणगुणायची ते गाणं! डाव्या हाताखाली सूर दाटत गेले, मधेच चाल मोडली, कुठल्या कुठे गेली आणि फिरून आईच्याच आवाजाच्या वळणावर आली. लोक उभे राहिले. मी बसूनच होते.

मागच्या खोलीत जाऊन मी तिला धरलं. "माह्या मायचं गाणं. मले विचारलं काऊन नाही?"

"काकूले विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "काकू म्हणे, राखीले नको सांगू. तिले हे गावंढळ वाटते."

खरं होतं. घरी पालक भेटायला आले की मीच आईचं गुणगुणणं थांबवायचे.

समताने आईच्या गाण्याचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग मला दिलं. आठ दिवस मी ते लावलं नाही. लावलं तेव्हा आई हसत सांगत होती, "राखीचा गळा माह्याहून चांगला हाय."

त्या दोन पालकांकडे मी स्वतः गेले आणि खोटं बोलले होते हे कबूल केलं. एक मुलगी परत समताकडे गेली, दुसरीने शिकणंच सोडलं. ते माझ्याच माथी.

यंदा डोणगावच्या कार्यक्रमात समताने मला आईचं ते गाणं म्हणायला बोलावलं. दुसऱ्या कडव्यानंतर तिने चाल अशी वळवली की मी हरवले. मुद्दाम केलं, हेच आधी मनात आलं. पण ती एकाच सुरावर थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी सूर पकडला. टाळ्या पडल्या तेव्हा त्यातल्या किती माझ्या, याचा अंदाज मी घेतलाच.