तिसऱ्या टप्प्यातली गल्ली

अरादच्या त्या गल्लीत माझी गाडी बंद पडली तेव्हा पाणी दाराच्या फटीतून आत यायला लागलं होतं. लाज वाटायचं कारण वेगळं होतं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी उपसणं हेच माझं काम.

बहरीनमध्ये पाऊस क्वचित पडतो. त्यामुळे कितीतरी गल्ल्यांत पाणी वाहून जायला गटारच नाही. मग आमच्या कंपनीचे टँकर ते शोषून नेतात. कुठे आधी जायचं, याचा प्लॅन मी केला होता. आधी मुख्य रस्ते, मग बाजार, शेवटी गल्ल्या. मीटिंगमध्ये टाळ्याही पडल्या होत्या.

“मुहंदिस! अंदर आओ!” समोरच्या दारातून एक गृहस्थ ओरडले. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. माझ्या जॅकेटवर कंपनीचं नाव होतं, ते झाकायला हात पुरेना. गृहस्थ अबू युसुफ. सकाळपासून तेच आमच्याकडे तक्रार करत होते. त्यांच्या आईचं दुपारी डायलिसिस होतं आणि त्यांचीही गाडी पाण्यात बंद पडली होती.

मी म्हटलं, “अम्मा को मैं उठाके ले जाता हूँ.”

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अरबीत काहीतरी म्हणाली. अबू युसुफना हसू आवरेना.

“अम्मा बोलती, पहले इसको कोई उठाओ.”

मी कंट्रोल रूमला फोन लावला. तिथे आमचा चिपळूणचा संदेश.

“एक टँकर पाठव.”

“सर, अराद तिसऱ्या टप्प्यात आहे. ओळखीवर टँकर वळवायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय.”

“अरे, मीच बोलतोय!”

“म्हणून तर विचारतोय. नायरसाहेबांचा ओके घेता?”

नायरसाहेब आमचे मॅनेजर. त्यांना फोन लावला, तर ते शांतपणे म्हणाले, “प्लॅन किसने बनाया?”

“मैंने, सर.”

“तो प्रॉब्लेम क्या है?”

“सर, प्लॅन गलत है.”

मी म्हातारीच्या डायलिसिसचं सांगितलं. मग ते म्हणाले, “पेशंट है ना? भेज दो.”

टँकर आला, पण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, आत शिरेना. ही गल्ली इतकी अरुंद आहे हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी टँकर बाहेर उभा करून लांब पाइप आत ओढला. ओढणाऱ्यांत मीही होतो, दोनदा घसरलो. म्हातारी खिडकीतून बघत होती. या वेळी ती काय म्हणाली, ते अबू युसुफनी सांगितलं नाही.

पाणी घोट्यापर्यंत उतरल्यावर शेजाऱ्याची जीप दारापर्यंत आली. म्हातारी उशिरा पोचली, पण हॉस्पिटलने तिला घेतलं. तोवर मी अबू युसुफच्या बैठकीत, त्यांच्याच पायजम्यात, गरम चहा पीत बसलो होतो.

पुढच्या पावसाआधी आम्ही प्लॅन बदलला. आजारी माणसं असलेल्या गल्ल्या पहिल्या टप्प्यात आल्या, आणि आत शिरतील असे छोटे पंप आले. मुख्य रस्ते थोडा वेळ ओलेच राहतात. त्याबद्दल तक्रारी येतात, त्या मी घेतो. मुख्य रस्त्यावर कुणी राहत नाही, एवढं कळायला मला इंजिनिअरिंगची पदवी पुरली नव्हती.