चौकातला दगड आणि सायबांचं डिजिटल

आमच्या गावच्या चौकात, गडहिंग्लजची एसटी वळते तिथं, एक काळा दगड उभा आहे. लढाईत पडलेल्या गावच्या जवानांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यात माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव आहे. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले. देह गावात आला नाही, आला तो नुसता निरोप. त्यामुळं त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या थोरल्या आजीला, नवऱ्याच्या नावानं हात टेकायला एवढीच जागा.

आणि त्या जागेपुढं काय? डिजिटल. वाढदिवसाच्या फलकाला आमच्याकडं डिजिटलच म्हणतात. वर नेता, गळ्यात जाड साखळी, खाली तालीम मंडळाच्या पोरांचे चेहरे दाटीवाटीनं चिकटवलेले. एक उतरलं की दुसरं चढायचं. दोन वर्षांमागं पंधरा ऑगस्टला थोरली आजी बांबूंच्या मधून वाकून आत शिरली आणि चोरासारखा हार घालून बाहेर आली. खिळ्याला अडकून लुगडं फाटलं. चौकात कुणालाही लाज वाटली नाही.

मी पत्रक काढलं. 'शहिदांच्या छातीवर चमच्यांचे फोटो' हा मथळा. घरोघर वाटलं, एसटीत वाटलं. परिणाम असा, की मंडळाची पोरं भडकली आणि पुढच्या वाढदिवसाला दुप्पट मोठं डिजिटल लागलं. डिवचलं की आमच्या गावात डिजिटल वाढतं. तरी पत्रकातला एक शब्द मी मागं घेत नाही.

यंदाचा पंधरा ऑगस्ट आला. थोरली आजी सकाळीच झेंडूचा हार घेऊन निघाली. मी बरोबर होतो.

"औंदा वाकणार न्हाय मी," एवढंच म्हणाली.

चौकात मंडळाचा अध्यक्ष प्रभातफेरीची वाट बघत उभा होता. आमच्या शेजारचाच, लहानपणी तिच्या पदराला नाक पुसून वाढलेला.

"काय रं, ह्यात तुजा फोटू कुठला?" तिनं विचारलं.

तो खूश. "ह्यो की, आजी. खालच्या लायनीत, गॉगलवाला."

"बेस हाय. आन् माज्या मालकाचं नाव कुठं हाय?"

तो टोपी सारखी करू लागला.

"सांग की. तू तर हितलाच."

"मागं हाय."

"मागं म्हंजे? नीट दाव."

त्यानं बोट टेकवलं ते नेमकं स्वतःच्याच फोटोतल्या गॉगलवर. चहाच्या गाड्यावरची माणसं फिस्कन हसली. "अध्यक्ष, नाक जरा बाजूला घ्या की," एकानं टोला हाणला.

अध्यक्ष कानापर्यंत लाल. "आजी, उद्या काढतो, शप्पत. सायबांचा वाढदिवस आजच हाय."

"सायेब दरसाली जल्मतोय. माजा मालक एकदाच गेला. आन् मी हार आणलोय त्यो उद्यासाठी न्हाय."

तिनं आवाज चढवला नाही. बांबूला पाठ लावून उभी राहिली. शाळेची फेरी आली, तिला बघून थांबली. मागं एसटी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा मारला नाही.

अध्यक्षानं गाड्यावरची सुरी मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं दोऱ्या कापल्या. सायेब तोंडावर आपटले. शिट्ट्या, टाळ्या, नुसता दंगा. दगडावर ऊन पडलं. थोरल्या आजीनं पदरानं धूळ पुसली आणि ताठ उभी राहून, समोरून, सगळ्या गावादेखत हार घातला. फेरीतल्या पोरांनी दगडावरचं एकेक नाव घेऊन घोषणा दिल्या, एकही सोडलं नाही. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, सांगून ठेवतो.

परवा दुसऱ्या एका नेत्याची माणसं शिडी आणि बांबू घेऊन चौकात उतरली. अध्यक्ष चहा पीत होता. कप खाली ठेवून आडवा गेला.

"पावणं, दगडापुढं न्हाय."

"दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

"दोन मिंटं बी न्हाय."

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, गाड्यावरून उठलेल्या माणसांकडं पाहिलं, आणि शिडी परत टेम्पोत टाकली.