नाकवाल्या इंजिनांचे आप्पा

लग्न होऊन बोईसरच्या घरात पाऊल टाकलं, तेव्हा सासऱ्यांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य होतं, "त्या फळीला पदर लागता कामा नये." फळीवर लाकडाची रंगवलेली रेल्वेची इंजिनं ओळीनं उभी होती. मी नमस्काराला वाकले तेव्हा त्यांचा हात पुढे आला, पण तो मला फळीपासून बाजूला सारायला.

सगळे त्यांना आप्पा म्हणत. बिल्डिंगमधली पोरं मागून 'बुलडॉग' म्हणत. जुन्या अमेरिकन डिझेल इंजिनांमध्ये गोल, फुगीर नाकाचा एक प्रकार होता, त्याला तिकडे बुलडॉगच म्हणत, आणि आप्पांचा जीव त्याच्यावर. त्यामुळे पोरांनी हाक मारली की ते खूश व्हायचे. चावायचे मात्र आम्हाला.

तारापूरच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. तरुणपणी कामासाठी जमशेदपूरच्या बाजूला गेले होते, तिथे त्यांनी आपल्याकडे आलेल्या पहिल्यावहिल्या डिझेलांपैकी एक पाहिलं. पुढून वळणदार नाक, मागून सपाट, केबिन एकाच टोकाला. तिथून जे वेड लागलं ते लागलं. "वाऱ्याला वाट करून देणारं तोंड ते. हल्लीची इंजिनं म्हणजे चाकांवरची कपाटं," असं म्हणत ते आमच्या स्टेशनातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नाक मुरडत. निवृत्तीनंतर खोक्यांचं लाकूड आणून कोरत बसायचे. लांब उतरत्या नाकाचं, आखूड नाकाचं, एका दिव्याचं, दोन दिव्यांचं, अंगावर गोल खिडक्या असलेलं. "सगळी सारखीच तर दिसतात," असं मी एकदा बोलून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते मला मीठही मागायचे ते नवऱ्यामार्फत.

माझं माहेर किनाऱ्यावरचं, मासेमारीचं. माझ्या तोंडून 'हाय' निघालं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "आहे!" माझी आय सुक्या बोंबलांची टोपली घेऊन आली, तर म्हणाले, "विहीणबाई, टोपली बाहेर जिन्यात." आयने टोपली जिन्यात ठेवली. आत येऊन फळीकडे बघत बसली, आणि एका चपट्या, टोकदार नाकाच्या इंजिनाकडे बोट दाखवून हसली. "आगो, हा त मुशीच्या तोंडाचा हाय!"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण आप्पा उठून उभे राहिले. "शार्कच म्हणतात त्याला अमेरिकेत! विहीणबाई, पुढच्या खेपेला एक मुशी आणाल?"

आयने आणली. आप्पांनी ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवली आणि सकाळभर तिचं नाक काढत बसले. त्या दिवशी मला ते आवडले, हे सांगायला हवं. मग पेन्सिल ठेवून म्हणाले, "उचल आता. घर नासलं." कालवण दोनदा वाढून घेतलं आणि तिखट कमी म्हणून नावं ठेवली.

मला बोलत ते मी सोसलं असतं. नवऱ्याला बोलत ते सहन व्हायचं नाही. पुढच्या इंजिनाच्या जोरात भर घालायला मागे एक बिनकेबिनचं इंजिन जोडत, त्याला बूस्टर म्हणत. आप्पा पाहुण्यांसमोर मुलाकडे बोट दाखवत, "हा आमचा बूस्टर. जोर आहे, तोंड नाही." नवरा खाली मान घालून चहाचे कप गोळा करायचा.

मुलगी झाली, तिला दमा निघाला. आप्पांची रंगाची फवारणी चालूच.

"आप्पा, पोरीला धाप लागलीय. रंग थांबवा."

"खिडकी उघड."

"खिडकीतून कारखान्यांचा वास येतो."

"मग दुसरीकडे राहा."

आम्ही उमरोळीला भाड्याच्या खोलीत गेलो. सामान निघालं तेव्हा आप्पा फळी पुसत होते. नवरा दर रविवारी त्यांना भेटायला जायचा.

आप्पा झोपेतच गेले. तेराव्याला चार अनोळखी माणसं आली. कोणी वडोद्याचा, कोणी नाशिकचा, सगळी याच वेडाची. त्यातला एकजण जिन्यातच रडायला लागला. "आप्पांनी मला फोनवर सगळं शिकवलं. तेच तेच विचारलं तरी कधी आवाज चढवला नाही."

नवऱ्याने विचारलं, "फोनवर हसायचे ते?"

"खूप! जोक सांगायचे."

नवरा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. त्या माणसांना तो एकेक गोष्ट विचारून घेत होता, आणि तेही सांगत होते. मी चहाचे कप रागाने आदळतच ठेवले. आप्पांकडे गोडवा होता तर! परक्यांना पुरला, आणि पोटच्या पोराच्या वाट्याला एक शब्द आला नाही.

जाताना त्यांनी भीत भीत एखादं इंजिन मागितलं. मी म्हणाले, "सगळी न्या." नवरा म्हणाला, "एक राहू दे."

"कुठलं ठेवायचं?" वडोद्याच्या माणसाने विचारलं. "नाव सांगा, बाकीची आम्ही बांधतो."

नवरा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. त्याला एकही नावाने ओळखता येत नव्हतं.