जागा करून देणारी

“थांबा काकू, पदर देखू द्या,” म्हणत ती पडद्याकडे इतकी झुके, की चष्मा काचेला टेकेल असं वाटे.

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा नीट करणारा बांगड्यांचा हात तुम्हाला आठवत असेल. तीच ही, आमच्या खालच्या मजल्यावरची. खानदेशातून या गिरण्यांच्या शहरात आलेलं घर, लहानपण नवागाम वस्तीतल्या एका खोलीत, नोकरी भेस्तानच्या साडी छापणाऱ्या मिलमध्ये, कॉम्प्युटरवर डिझाइन काढण्याची.

कॉम्प्युटर भरून तुमचे नवे व्हिडिओ उतरेनासे झाले, की मी तिला हाक मारी. माझा हिशेब सरळ: एकासारख्या एक फोटोंतला चांगला ठेवायचा, बाकीचे काढायचे, शेवटी कचरापेटी रिकामी करायची. ती मात्र प्रत्येक फोटो मोठा करी. लग्नातल्या अनोळखी बायकांचासुद्धा. “साडीवरची ही बुट्टी आमच्या मिलची. रंग जायचा, पण चालली खूप.”

अशानं दिवाळी उजाडेल, असं मी म्हटलं, की फराळाला मी आहेच म्हणे.

न बघता काढून टाकी ते फक्त स्वतःचे फोटो. गच्चीवरची कोजागरी, तुमच्या आईचं केळवण, थंडीत हिरव्या ज्वारीचा पोंक खायला जमलो तो रविवार. मी हात धरला तर तिची अहिराणी बाहेर येई.

“मी तं आठेच शे ना, काकू. नातवंडांना जागा होऊ द्या.”

आठेच शे, म्हणजे इथेच आहे.

गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिची बहीण फ्रेमसाठी फोटो मागायला आली. घरी ओळखपत्रावरचा तेवढा होता, तोही पुसट. आम्ही दोघी एकेक वर्ष उघडत बसलो. ती कुठेच नव्हती. कचरापेटीही रिकामी. काम चोख करून गेली होती.

शेवटी तुमच्या आईचा लग्नाच्या सकाळचा फोटो निघाला. कडेला, वाकून निऱ्या सारख्या करणारा हात आणि हिरवा पदर. चेहरा नसल्यामुळे तिनं हा स्वतःचा धरलाच नसावा. बहिणीनं पदर लगेच ओळखला. त्याचं डिझाइन आमच्या हिनंच काढलेलं होतं.

मग मी तो फोटो कापला. तुमच्या आईला पूर्ण काढून टाकलं, आणि सगळी जागा तिला दिली.